शिफारसपत्र आणि सैनिकी विद्यालय

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली, त्याच आठवड्यांत एक पालक मला भेटावयास आले. त्यांचा मुलगा दहावींत आहे. अंगानें काटक, गणितांत बरा, आणि सैन्यांत अधिकारी व्हावें अशी त्याची फार दिवसांची इच्छा. वडील कांहीं वेळ इकडचें तिकडचें बोलले व मग आवाज खालीं आणून म्हणाले, "मास्तरसाहेब, खासदाराची चिठ्ठी असल्यावांचून तेथें शिरकाव होत नाहीं असें ऐकतों. आपल्या शाळेचे जुने विद्यार्थी मोठमोठ्या जागांवर आहेत. कोणाकडून एवढी चिठ्ठी मिळवून द्याल काय?" ही माहिती कोठून मिळाली असें विचारतां ते म्हणाले कीं, त्यांचे एक मेहुणे अमेरिकेंत स्थायिक झाले आहेत, मेहुण्यांच्या मुलानें तेथील अशाच एका विद्यालयासाठीं खटपट केली, तेव्हां त्याला तेथल्या खासदाराचें पत्र खरोखरच मिळवावें लागलें.

मेहुण्यांनीं सांगितलें तें खोटें नव्हतें. चूक एवढीच झाली कीं, एका देशाची रीत दुसऱ्या देशास लावली गेली, आणि 'चिठ्ठी' ह्या शब्दाचा आपल्याकडे जो अर्थ आहे तोच तिकडेही असेल असें गृहीत धरलें गेलें. हा समज आणखीही घरांत असावा असें वाटल्यावरून, त्या पत्राचें मूळ काय, त्याचें वजन किती, आणि आपल्या मुलांना त्याची गरज कां नाहीं, हें येथें थोडें विस्तारानें सांगतों.

अमेरिकेंत राष्ट्रीय सरकारनें चालविलेलीं अशीं पांच विद्यालयें आहेत. वेस्ट पॉइंट येथील भूसेनेचें विद्यालय सर्वांत जुनें. तें १८०२ सालीं, टॉमस जेफर्सन अध्यक्ष असतां, हडसन नदीच्या कांठीं स्थापन झालें. ॲनापोलिस येथील आरमारी विद्यालय १८४५ चें आणि कोलोरॅडो राज्यांतील वायुसेनेचें १९५४ चें. तटरक्षक दलाचें व व्यापारी नौकानयनाचें अशीं आणखी दोन आहेत. अभ्यासक्रम चार वर्षांचा असून शेवटीं पदवी मिळते. शिकण्याचा, राहण्याचा व जेवणाचा खर्च सरकार करतें. पहिल्या तीन विद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यास ह्याच्या मोबदल्यांत किमान पांच वर्षें सैन्यांत नोकरी करावी लागते. तेव्हां ह्या जागांना मागणी किती असेल हें सांगावयास नको. एकट्या वेस्ट पॉइंटमध्यें दरवर्षीं सुमारें बाराशें तरुण घेतले जातात आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात.

आतां शिफारशीची गोष्ट. ज्या राष्ट्रानें नुकतेंच राजाचें जूं मानेवरून काढलें होतें, त्याला कायम खड्या सैन्याची व त्यांतील अधिकाऱ्यांच्या स्वतंत्र वर्गाची मोठी धास्ती वाटे. चार-दोन घराण्यांनीं अधिकारपदें आपसांत वाटून घेतलीं तर लोकसत्ता नांवाचीच उरावयाची. ह्या भयावर उपाय म्हणून देशाच्या प्रत्येक भागांतून, लोकांनीं निवडलेल्या प्रतिनिधीच्या मार्फत, मुलें घ्यावयाचीं अशी चाल पडली व १८४३ सालच्या कायद्यानें ती मतदारसंघाशीं बांधली गेली. (तेथील विधिमंडळाचें नांव काँग्रेस असें आहे, आपल्याकडील त्याच नांवाच्या पक्षाशीं त्याचा संबंध नाहीं, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें.) म्हणजे जें पत्र आज आपल्याला वशिल्यासारखें दिसतें, तें जन्मास आलें वशिला मोडण्यासाठीं. तें त्या कामीं सदा यशस्वी झालें असें मात्र नाहीं.

जुन्या काळीं हें पत्र कसें मिळे ह्याचें एक उदाहरण फार प्रसिद्ध आहे. ओहायो राज्यांतील एका कातडी कमावणाऱ्याचा मुलगा १८३९ सालीं वेस्ट पॉइंटला गेला. शेजारच्या एका मुलाची तेथून गच्छंती झाल्यामुळें जागा रिकामी पडली होती. बापाचें व तेथील प्रतिनिधि टॉमस हेमर ह्यांचें राजकारणावरून पूर्वींच बिनसलें होतें. तरी बापानें मान खालीं घालून त्यांस पत्र लिहिलें. हेमर ह्यांची मुदत संपत आली होती. त्यांनीं मनांत अढी न ठेवतां घाईघाईनें नांव पाठवून दिलें. पण मुलाचें पुरतें नांव त्यांना आठवेना. मुलाचें नांव हायरम युलिसिस ग्रँट. हेमर ह्यांनीं लिहिलें युलिसिस एस. ग्रँट. मुलगा विद्यालयांत पोंचला तेव्हां पटावर हेंच नांव. तें बदलावयास कोणी तयार होईना, आणि तोच अमेरिकेच्या यादवी युद्धांतील सेनापति व पुढें १८६९ पासून आठ वर्षें देशाचा अध्यक्ष असा ह्याच चुकीच्या नांवानें इतिहासांत गेला. मौज ही कीं, मुलाला स्वतःला तेथें जावयाची मुळींच इच्छा नव्हती!

आजची व्यवस्था अशी बेभरंवशाची नाहीं. पहिल्या तीन विद्यालयांपुरता हिशोब सांगतों. प्रत्येक राज्याचे सिनेटमध्यें दोन सभासद. शिवाय प्रतिनिधिगृहांत ४३५ सभासद, एकेका मतदारसंघाचा एकेक. ह्यांपैकीं प्रत्येकाच्या नांवावर प्रत्येक विद्यालयांत एका वेळीं पांच विद्यार्थी शिकत असूं शकतात. म्हणजे सरासरीनें वर्षाला एखादीच जागा रिकामी होते. त्या एका जागेसाठीं सभासदानें एकच नांव धाडावयाचें नसतें. अनेक नांवें धाडतां येतात. दीर्घ काळ ही मर्यादा दहाची होती. धाडण्याच्या रीती तीन. सर्व नांवें सारख्या मानानें देऊन निवड विद्यालयावर सोंपवावी, ही एक. एक नांव मुख्य ठरवून बाकीचीं पर्यायी म्हणून द्यावीं व त्यांतील क्रम विद्यालयानें लावावा, ही दुसरी. मुख्य नांव व पर्यायी नांवांचा क्रम दोन्ही सभासदानेंच ठरवावीं, ही तिसरी. जेथें मुख्य नांव ठरलेलें असतें तेथें तो उमेदवार विद्यालयाच्या सर्व कसोट्यांस उतरला तर जागा त्याचीच. न उतरला तर पुढच्याची पाळी. हा 'तर' फार महत्त्वाचा आहे, त्याकडे मी परत येईन.

सिनेटचे दोन व आपल्या मतदारसंघाचा एक, असे तीन दरवाजे प्रत्येक तरुणास मोकळे असतात, आणि तिन्ही ठोठावावे असेंच सांगितलें जातें. उपाध्यक्षांकडेही सबंध देशांतून अर्ज करतां येतो. अध्यक्षांच्या वांट्याच्या प्रत्येकी शंभर जागा सैन्यांत दीर्घ नोकरी करणाऱ्यांच्या मुलांमुलींसाठीं आहेत. युद्धांत पडलेल्यांच्या अपत्यांसाठीं कांहीं जागा निराळ्या असून, ज्याला राष्ट्राचें सर्वोच्च शौर्यपदक मिळालें त्याचें अपत्य लायक ठरलें तर त्यास जागांच्या संख्येची आडकाठीच नाहीं. सैन्यांतील साध्या शिपायांसही वाट ठेवलेली आहे. तटरक्षक दलाच्या विद्यालयास मात्र असलें पत्र लागतच नाहीं. तेथें सरळ चढाओढ.

ही खटपट मुलानें शाळेच्या उपांत्य वर्षापासूनच सुरू करावी लागते. विद्यालयाकडे एक अर्ज आणि सभासदांकडे वेगळे अर्ज. पुष्कळ सभासद आपल्या भागांतील जाणत्या नागरिकांची समिति नेमतात. ती मुलांच्या मुलाखती घेऊन नांवें सुचविते. अर्जाबरोबर शाळेचे गुण, शिक्षकांचीं पत्रें आणि स्वतःच्या हातचा निबंध. आणि पत्र मिळालें म्हणजे झालें असें नाहीं. विद्यालय स्वतः त्याचा अभ्यास तोलतें, ठराविक परीक्षेंतील गुण पाहतें, जोर, दांडीवर अंग उचलणें, मैलभर धांव असल्या कसोट्या लावतें, वैद्यकीय तपासणी करवितें, आणि खेळांत, मंडळांत, गांवच्या कामांत त्यानें कधीं पुढाकार घेतला आहे काय हेंही विचारतें. ह्यांपैकीं एकांत जरी तो कमी पडला तरी सिनेटरचें पत्र कागदच राहतें. आपल्याकडे चिठ्ठी म्हणजे दार उघडण्याची किल्ली. तिकडे ती फक्त दाराशीं रांगेंत उभें राहण्याची परवानगी. वर ज्या 'तर' विषयीं बोललों तो हाच.

सभासदाच्या मर्जीला असा आळा हळूहळू बसला. डग्लस मॅक्आर्थर ह्यांचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. बाप सैन्यांतला नांवाजलेला अधिकारी, आजोबा न्यायाधीश. मुलास अध्यक्षांच्या वांट्याची जागा मिळावी म्हणून बड्या बड्यांचीं पत्रें राजधानीस गेलीं आणि एकाचाही उपयोग झाला नाहीं. शेवटीं विस्कॉन्सिन राज्यांतील एका प्रतिनिधीनें चढाओढीची परीक्षा ठेवली, तिला मॅक्आर्थर बसले, पहिले आले, आणि १८९९ सालीं वेस्ट पॉइंटला गेले. ड्वाइट आयझेनहॉवर ह्यांच्या पाठीशीं तर बडें घर मुळींच नव्हतें. कॅन्ससच्या सिनेटरनें १९१० सालीं घेतलेल्या परीक्षेंत ते दुसरे आले. त्यांचा ओढा आरमाराकडे होता, परंतु त्या विद्यालयाच्या नियमाप्रमाणें त्यांचें वय थोडेंसें उलटलें होतें. म्हणून वेस्ट पॉइंट. वयाचा असा एखादा महिना मनुष्याचें आयुष्य कोणत्या वळणाला लावील ह्याचा नेम नाहीं.

तथापि जी गोष्ट सांगण्यासाठीं मीं हा लेख हातीं घेतला ती निराळीच आहे. ज्याच्या वतीनें पत्र लिहावयास कोणी तयारच नसेल, त्यानें काय करावें?

हेन्री फ्लिपर १८५६ सालीं जॉर्जिया राज्यांत गुलाम म्हणून जन्मले. यादवी युद्धानें गुलामगिरी संपली; मिशनरी मंडळीनें काढलेल्या शाळांतून ते शिकले आणि अटलांटाच्या विद्यालयांत असतां त्यांनीं आपल्या भागांतील प्रतिनिधि फ्रीमन ह्यांस स्वतःच पत्र लिहिलें. मध्यस्थ नाहीं, ओळख नाहीं. फ्रीमन ह्यांनीं त्यांची चौकशी करून १८७३ सालीं नांव पाठविलें. ही बातमी फुटल्यावर एका गृहस्थानें आपल्या मुलासाठीं ती जागा सोडून देण्याबद्दल फ्लिपर ह्यांस पांच हजार डॉलर देऊं केले. जन्मानें गुलाम असलेल्या, सतरा वर्षांच्या मुलापुढें ही रक्कम ठेवलेली! त्यांनीं ती नाकारली. पुढें चार वर्षें त्यांच्याशीं वर्गांतले गोरे सोबती कामापुरतेंही क्वचितच बोलले. १८७७ सालीं ते वेस्ट पॉइंटचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर झाले. सैन्यांत त्यांच्यावर खटला होऊन १८८२ सालीं त्यांस काढून टाकण्यांत आलें. राष्ट्राध्यक्षांचें क्षमापत्र त्यांच्या नांवें १९९९ मध्यें निघालें, तोंवर त्यांना मरून जवळजवळ साठ वर्षें झालीं होतीं.

हें वाचतांना मला त्या पालकांचें आणखी एक बोलणें आठवलें. जातां जातां त्यांनीं सांगितलें होतें कीं, तालुक्याच्या गांवीं एक मनुष्य आहे, त्याच्या 'वरपर्यंत' ओळखी आहेत, आणि जमिनीच्या एका तुकड्याच्या किमतीइतकी रक्कम दिली तर तो मुलाचें काम करून देतो. फ्लिपर ह्यांच्यापाशीं खरी जागा होती आणि घेणारा पैसे मोजत होता. ह्या मनुष्यापाशीं विकावयास जागाच नाहीं.

फ्लिपर ह्यांच्यानंतर पन्नासांहून अधिक वर्षांनीं बेंजामिन डेव्हिस ह्या तरुणाला तोच अनुभव आला. त्याचे वडील सैन्यांत अधिकारी होते व अलाबामा राज्यांत शिकवीत होते. पण दक्षिणेंतील कोणताही प्रतिनिधि कृष्णवर्णीय मुलाचें नांव देणार नाहीं हें उघड होतें. सबंध विधिमंडळांत त्या वर्णाचा सभासद एकच, शिकागोचे ऑस्कर डी प्रीस्ट. म्हणून मुलगा शिकागोस जाऊन राहिला. डी प्रीस्ट ह्यांनीं नांव दिलें. आणि मुलगा प्रवेशपरीक्षेंत नापास झाला! आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबावें. एवढ्या प्रयासानें मिळालेलें पत्र नापासाला तारूं शकलें नाहीं. डी प्रीस्ट ह्यांनीं पुन्हा नांव दिलें, मुलानें पुन्हा अभ्यास केला, आणि १९३२ सालीं तो आंत गेला. चार वर्षें त्याच्या खोलींत दुसरा सोबती राहिला नाहीं व जेवणाच्या टेबलाशीं त्याच्याशीं कोणी बोललें नाहीं. १९३६ सालीं २७६ जणांत तो पस्तिसावा आला. पुढें तो अमेरिकन वायुसेनेंतील पहिला कृष्णवर्णीय जनरल झाला. वेस्ट पॉइंटमध्यें विद्यार्थ्यांच्या निवासाची जी इमारत २०१७ सालीं खुली झाली, तिला त्याचेंच नांव आहे. मुलींना तर ह्यांतील पहिलीं तीन विद्यालयें १९७६ पर्यंत बंदच होतीं. तेथें पत्राचा प्रश्नच नव्हता.

आतां घरचें पाहूं. हिंदुस्थानी तरुणास सैन्यांत राजाची सनद मिळावी म्हणून इंग्लंडांतील सँडहर्स्टच्या विद्यालयांत दरसाल दहा जागा १९१८ पासून राखल्या गेल्या, आणि त्या भरल्या जात त्या सरकारी पसंतीनें. संस्थानिक, जमीनदार, जुनीं लष्करी घराणीं ह्यांच्या मुलांकडे दृष्टि आधीं जाई. सामान्य कारकुनाचा वा शिक्षकाचा मुलगा त्या उंबरठ्यापर्यंत पोंचणें कठीण. स्कीन समितीनें १९२७ च्या अहवालांत जागा वाढवाव्या व ह्याच देशांत असें विद्यालय काढावें असें सुचविलें. तें डेहराडून येथें १९३२ च्या ऑक्टोबरांत ४० विद्यार्थ्यांनिशीं सुरू झालें. त्यांतील पंधरा जागा खुल्या परीक्षेनें भरल्या. त्या पंधरांत सहावा आलेला अमृतसरच्या एका पारशी डॉक्टराचा मुलगा म्हणजे सॅम माणेकशा, पुढचे फील्ड मार्शल. शिफारशीच्या भिंतीला पडलेली ही पंधरा विटांची खिंड मला फार मोठी वाटते.

ती खिंड पुढें रुंद होत गेली. पुण्याजवळ खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला १९४९ च्या ऑक्टोबरांत पंडित नेहरूंनीं बसविली व १९५५ च्या आरंभीं तेथें शिक्षण सुरू झालें. येथें भरती होण्यास खासदार, मंत्री वा राष्ट्रपति, कोणाचेंच पत्र लागत नाहीं. तशी तरतूदच नाहीं. लोकसेवा आयोग वर्षांतून दोनदां लेखी परीक्षा घेतो. गणिताला ३०० गुण, इंग्रजी व सामान्य ज्ञानाला मिळून ६००. चुकीच्या उत्तरास गुण कापले जातात. त्यांतून पार पडणाऱ्यास निवड मंडळापुढें पांच दिवस राहावें लागतें, आणि तेथल्या कसोटीस एकट्या ९०० गुण आहेत. म्हणजे सबंध परीक्षेचा अर्धा भाग!

ह्या पांच दिवसांविषयीं पालकांत फार गैरसमज आहेत. तेथें पाठांतर विचारीत नाहींत. एखादें अस्पष्ट चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहावयास सांगतात. आठ-दहा मुलांना फळ्या, दोर व पिंपें देऊन एक अडथळा ओलांडावयास लावतात. आणि एक अधिकारी बाजूस उभा राहून पाहत असतो. कोण ओरडतो, कोण ऐकून घेतो, दुसऱ्याचा हात कोण धरतो, फळी पडल्यावर कोण पुन्हा उचलतो. शास्त्रांत गिदोनाच्या लोकांची निवड पाण्याच्या कांठीं झाली ती कथा आमच्या मुलांना ठाऊक आहे. आपली परीक्षा चालू आहे हें त्यांतील कोणासही कळलें नव्हतें. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी व मुलाखत घेणारा हे तिघे आपापल्या ठिकाणीं मत बनवितात व मग एकत्र बसतात. एकाला गांठून भागत नाहीं. शेवटीं वैद्यकीय तपासणी.

मुलींना हें दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानें उघडलें. पहिली तुकडी २०२२ मध्यें आंत गेली आणि २०२५ च्या मे महिन्यांत त्यांतील सतरा मुली शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या. आमच्या नववींतल्या दोघीजणी तेव्हांपासून रोज सकाळीं मैदानावर धांवतात. त्यांना अजून दोन-तीन वर्षांचा अवकाश आहे.

बारावी चालू असतांनाच परीक्षेस बसतां येतें. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. आरमार व वायुसेना हवी असेल तर बारावीस भौतिक, रसायन व गणित हे विषय पाहिजेत. दहावीनंतर गणित सोडून देणारा मुलगा नकळत ह्या दोन वाटा बंद करतो, हें शाखा निवडतांना घरच्यांनीं पाहावें.

त्या पालकांना मीं सांगितलें कीं, आपल्या मुलास एकच कागद शाळेकडून घ्यावयाचा आहे, आणि तो आम्ही आनंदानें देऊं. आयोग जन्मतारीख मानतो ती दहावीच्या प्रमाणपत्रावरची. तें प्रमाणपत्र तयार होतें शाळेच्या पटावरून. तेव्हां बोर्डाचे अर्ज जाण्यापूर्वीं पट एकदां डोळ्यांखालून घाला. ग्रँटची गोष्टही सांगितली. ते मोकळेपणानें हंसले. मग आम्ही दोघे कार्यालयांत गेलों आणि लेखनिकानें पट काढला. जन्मतारीख बरोबर होती. आडनांवांत एक अक्षर कमी होतें. दुरुस्तीचा अर्ज त्यांनीं तेथेंच बांकावर बसून भरला.